नांगर हा शब्द कोणाचा?

(सोलापूर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय ज्वारीचा उत्पादन खर्च हा आहे आणि आम्ही उभे राहिलो आहोत ते एका शब्दावर बोलायला. मघाशी मागच्या बाजूने कुणीतरी म्हणालेसुद्धा, "शब्दांनी काय पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी कारण सांगतो, मग शब्दाकडे वळतो.

मागच्या बैठकीत आपण खर्चाचे तक्ते वाटले होते. भरून आलेले तक्ते आम्ही चार जणांनी बसून वाचले. बियाणे, खत, औषध, मळणी, हमाली यांचे आकडे रुपयापर्यंत बरोबर. पण पेरणीआधीच्या सगळ्या कामापुढे बहुतेकांनी एकच शब्द लिहिला, 'मशागत', आणि त्याच्यापुढे एक ठोक आकडा. हा आकडा कसला? ट्रॅक्टरवाल्याला मोजून दिलेल्या पैशाचा. घरचे बैल, घरचा गडी, घरची बाई, पोराने शाळा बुडवून वेचलेली धसकटे, यातले त्यात काही नाही. विचारले तर उत्तर आले, "घरचंच तर होतं, त्याचं काय लिहायचं?"

त्याच दिवशी एका घरी तक्ता भरताना सातवीतल्या पोराने आम्हाला विचारले, "नांगर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं असतो तोच ना?" आजोबा हसले. पोराचे काही चुकले नव्हते. त्याने दुसरा नांगर पाहिलाच नव्हता. पण आमच्या मनात आले, ज्या कामाची नावे विसरली जातात ते काम हिशेबातूनही जाते. तेव्हा आज नावापासूनच सुरुवात करू. सगळ्यात ओळखीचे नाव घेऊ. नांगर.

एक बाजार, तीन बोली

आपला जिल्हा तीन बोलींचा. माळशिरस-करमाळ्याकडे निखळ मराठी, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कानडी, आणि सोलापूर शहरात विणकरांच्या पेठांतून तेलुगू. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ज्यांनी जनावरांच्या बाजारात बैल घेतले-विकले आहेत, त्यांच्या कानावर या तिन्ही बोली एका सौद्यात पडल्या असतील. आपण म्हणतो नांगर. कानडी भाऊ म्हणतो नेगिलु. तेलुगू माणूस म्हणतो नागलि. जरा तोंडातल्या तोंडात घोळवून बघा. नांगर, नेगिलु, नागलि. हा एकच शब्द आहे, गावाप्रमाणे पागोटे बदललेला.

आणखी लांब जाऊ. तामीळमध्ये नाञ्चिल. बंगालमध्ये लाङल. संथाळ आदिवासी म्हणतात नाहेल. देशाची हद्द ओलांडून कंबोडियात गेलात तर अंगकाल आणि मलायात तेंगाला. जिथे जिथे बैलाच्या किंवा रेड्याच्या मागे लाकूड धरून माणूस चालला, तिथे हे नाव त्याच्याबरोबर चालत गेलेले दिसते.

पंडित लोक म्हणतील, यात काय विशेष? मूळ शब्द संस्कृत 'लांगल'. त्याचा पालीत 'नंगल' झाला, पुढे ल चा र होऊन मराठीत नांगर. हे खरेच आहे. 'लांगल' हा शब्द ऋग्वेदात आहे. चौथ्या मंडळातल्या सत्तावन्नाव्या सूक्तात शेताच्या देवाची प्रार्थना आहे, तिथे लांगल आहे, फाळ आहे आणि तासाला 'सीता' म्हटले आहे. फाळ हा शब्द तर आपण आजही जसाच्या तसा वापरतो. म्हणजे निदान तीन हजार वर्षे आपण लोहाराकडे जाऊन तोच शब्द उच्चारतो आहोत.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. संस्कृतच्या ज्या लांबच्या बहिणी भाषा युरोपात आहेत, त्यांच्यात नांगराला वेगळाच शब्द आहे. लॅटिनमध्ये अरात्रुम, ग्रीकमध्ये आरोत्रोन. हे दोन सख्खे शब्द. लांगल त्यांच्या कुळात कुठेच बसत नाही. उलट 'जू' घ्या. संस्कृतात युग, लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक. हा शब्द सगळ्या बहिणींकडे आहे. शब्दांपुरते बोलायचे तर, वैदिक भाषा बोलणाऱ्यांनी जू बरोबर आणले, लांगल मात्र त्यांना इथे येऊन मिळाले.

कोणाकडून मिळाले? १९२० च्या दशकात प्शिलुस्की नावाच्या फ्रान्समधल्या विद्वानाने मांडले की हा शब्द संथाळ, मुंडा, खासी यांच्या भाषाकुळातला. १९५५ साली टी. बरो यांनी संस्कृत भाषेवरच्या आपल्या ग्रंथात लांगल हा शब्द त्याच कुळातून आलेल्या शब्दांत धरला. काही जण द्राविडी भाषांकडे बोट दाखवतात. हा वाद अजून मिटलेला नाही आणि तो आपल्याला मिटवायचाही नाही. आपल्यापुरती गोष्ट एवढीच की ज्यांनी ऋचा रचल्या त्यांनी नांगराचे नाव स्वतः घडवले नाही. जो माणूस आधीपासून जमीन कसत होता, त्याच्या तोंडातून ते उचलले. त्या माणसाला पोथी वाचायला कोणी बसू दिले असते की नाही कोण जाणे, पण त्याचा शब्द मात्र पोथीत जाऊन बसला.

हल गेला, हाळीस राहिली

उत्तरेकडे नांगराला 'हल' म्हणतात. हाही संस्कृत शब्द. बलरामाची नावे बघा. हलधर, हलायुध, लांगली. दोन्ही शब्द त्याच्या खांद्यावर. आपल्या मराठीने हल घेतला नाही, असे वाटते. पण म्हाताऱ्या माणसाला विचारा, नांगराच्या खोडापासून जुवापर्यंत जाणाऱ्या लांब दांडीला काय म्हणतात? हाळीस. हल अधिक ईषा. ईषा म्हणजे दांडी. हलीषा, तीच आपली हाळीस. आख्खा हल विसरला गेला आणि त्याची दांडी आपल्याकडे राहिली.

'कसणे' हाही तसाच जुना शब्द. पालीत शेतीला 'कसी' म्हणतात. सुत्तनिपातात एक कथा आहे. कसीभारद्वाज नावाचा बडा शेतकरी, पाचशे नांगर चालताहेत, आणि बुद्ध भिक्षेला उभे. शेतकरी म्हणतो, मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही नांगर आणि पेर, मग खा. आपल्यातल्या कुणाही शेतकऱ्याने हेच म्हटले असते! बुद्ध रागावत नाहीत. आपणही नांगरतो असे सांगून जू, नांगर, फाळ, दोर अशी एकेका भागाची नावे घेत ते आपल्या साधनेचा हिशेब देतात. शेतकऱ्याला पटवायचे तर त्याच्या हत्याराची नावे माहीत असावी लागतात, हे त्यांना ठाऊक होते. आणि कुळकायद्याच्या काळात घराघरात गेलेली 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा, तिच्यातला 'कस' या 'कसी'चाच भाऊ.

सारखे दिसते ते सगळे सख्खे नसते

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. कोकणातला माणूस म्हणतो, होडी नांगरली. आपल्याकडे समुद्र नाही, पण शाळेच्या पुस्तकात जहाजाचा नांगर सगळ्यांनी वाचला आहे. जमिनीत घुसतो तो नांगर, समुद्राच्या तळाला रुततो तोही नांगर. मग शब्द एकच असेल ना? तसे नाही. जहाजाचा नांगर फारसी 'लंगर' वरून आला. फारसीत लंगर म्हणजे जहाज अडकवायचा आकडा, आणि फकिरांच्या मठातले अन्नछत्रही. गुरुद्वारातला लंगर तो हाच. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते. त्या तीन कायद्यांविषयी आपल्यातही दोन मते होती. पण लंगरात बसलेल्या माणसाला त्याचे मत विचारून कोणी वाढले नाही, हे सगळ्यांनी पाहिले. शब्द आपल्या नांगराच्या जवळ येऊन बसला, जन्म मात्र वेगळा. शब्दांचे नाते जुळवताना सोयरिकीसारखी दोन्हीकडची चौकशी करावी लागते.

नांगर आपला, नाव सरकारचे

आता सत्तेकडे येऊ. ऋग्वेदात 'सीता' म्हणजे नांगराने पडलेले तास. जनकाला नांगरताना तासात सापडली म्हणून ती सीता, ही कथा आपल्या ओव्यांतून घरोघर आहे. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीता कोण? तिथे सरकारी शेतीच्या उत्पन्नाला सीता म्हटले आहे आणि ती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे सीताध्यक्ष! तास पाडणारा राहिला बाजूला आणि तासाचे नाव तिजोरीच्या वहीत गेले.

सत्ता नांगराचा दुसराही उपयोग करी. एखादे गाव उद्ध्वस्त करायचे तर त्यावर गाढवाचा नांगर फिरवायचा. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवला असे सांगतात. ज्या विजापूरच्या आदिलशाहीची फौज ती, तिच्याच आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या ओढाताणीत आपला सोलापूरचा किल्ला सापडला होता. पुढे त्याच पुण्याच्या भूमीवर जिजाऊंच्या देखरेखीखाली सोन्याचा फाळ लावून नांगर धरला गेला, अशी परंपरा आहे. दोन्ही गोष्टींत हत्यार एकच. कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी, एवढाच फरक.

लाकूड गेले, लोखंड आले

बाभळीचा लाकडी नांगर आपल्या काळ्या भारी रानात दोन बैलांना ओढत नसे. चार बैल, सहा बैल, आठसुद्धा लागत. एवढे बैल एका घरी कुठले? म्हणून वारंगुळा होता. तुझे दोन, माझे दोन, आज तुझे रान, उद्या माझे. सुताराने खोड तासायचे, लोहाराने फाळ शेवटायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन बलुते न्यायचे. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता. बलुतेदाराला खळ्यावर ताटकळत ठेवणारे आपलेच आजे-पणजे होते, हे विसरून चालणार नाही. पण त्या काळी नांगराची किंमत पैशात कोणी लिहिली नाही, कारण ती पैशात दिलीच जात नव्हती.

१९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी समजूत. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना गेला, त्याची किर्लोस्करवाडी झाली आणि पुढे या नांगराने दख्खनची शेते पालटली. वस्तू लोखंडाची झाली, नाव नांगरच राहिले. मग ट्रॅक्टर आला, पलटी नांगर आला. नाव तरीही तेच.

पण नांगराचे नाव टिकले म्हणून त्याच्या भोवतीचे गणगोत टिकले नाही. हाळीस, रुमणे, शिवळ, जोते, वेठण, ही नावे ट्रॅक्टरला लागत नाहीत. सुताराचे बलुते गेले, डिझेलचे बिल आले. वारंगुळा गेला, तासाचा दर आला. बैल परत आणा असे आम्ही म्हणत नाही. ज्याला आठ बैलांमागे ढेकळांतून चालावे लागले नाही त्याने जुन्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. आम्ही म्हणतो ते एवढेच की जे काम पूर्वी धान्याने आणि अंगमेहनतीने फिटत होते, ते आता रोख पैशाने फिटते. आणि जे रोख नाही ते आपण लिहितच नाही.

मशागत म्हणजे काय?

आता तक्त्याकडे परत येऊ. 'मशागत' हा शब्द अरबी 'मशक्कत' वरून आला. त्याचा अर्थ कष्ट. बघा, आपल्या भाषेने जमीन तयार करण्याच्या कामाला नावच कष्ट असे दिले! आणि आपण त्याच शब्दापुढे कष्ट सोडून बाकीचा आकडा लिहितो.

ज्वारीच्या एका एकराला काय काय लागते? उन्हाळी नांगरट. ढेकळे फोडणे. कुळवाच्या पाळ्या, एक नव्हे, तीन-चार. काशा आणि धसकटे वेचणे. पाऊस अडवायला सारे पाडणे. मग तिफण. तिफण म्हणजे तीन फणांची. तिच्यामागे रुमणे धरणारा एक आणि चाड्यावर मूठ धरणारी एक, आणि ती मूठ बहुतेक ठिकाणी घरच्या बाईची असते. तक्त्यात मात्र 'पेरणी, माणूस एक'. मग कोळपण्या, खुरपणी, राखण.

खुरप्याचेही सांगून टाकतो. खुरपे म्हणजे संस्कृत 'क्षुरप्र', वस्तऱ्यासारख्या धारेचे. महाभारतात हे एका बाणाचे नाव आहे. नांगराला बाईने हात लावू नये असा दंडक गावोगाव होता. तिच्या हाती जे दिले त्याचे नाव मात्र योद्ध्याच्या भात्यातले निघाले. त्या हत्याराने तिने घरच्या रानात काढलेले दिवस आमच्यापुढच्या तक्त्यांत कुठेच नव्हते. मायबहिणींनो, हे आमच्या पुरुषमंडळींचे चुकते आहे, आणि ते आम्ही इथे उभे राहून कबूल करतो.

दिल्लीत शेतीमालाच्या किमतींचा आयोग १९६५ पासून आहे. १९८५ पासून त्याचे नाव कृषी उत्पादन खर्च आणि मूल्य आयोग झाले. खर्च मोजायच्या त्याच्या पद्धतीत घरच्या बैलांच्या कामाला जागा आहे. घरच्या माणसांच्या मजुरीला वेगळा रकाना आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरून सर्वंकष खर्च काढायचीही रीत आहे. हमीभाव दीडपट द्यायचा तो कोणत्या खर्चाच्या, यावर २०१८ च्या अर्थसंकल्पापासून भांडण चालू आहे. सरकारने रोखीचा खर्च अधिक घरची मजुरी एवढाच धरला. सर्वंकष खर्च धरा, अशी अनेक शेतकरी संघटनांची मागणी. ते भांडण आपण लढूच. पण कृषी विद्यापीठांमार्फत निवडक गावांतून खर्चाच्या नोंदी गोळा होतात, तेव्हा नोंद घेणाऱ्याला सांगणारा शेतकरीच असतो. त्याने 'घरचंच होतं' म्हटले तर रकाना असून रिकामा. आपल्या तोंडाने आपण आपले कष्ट शून्य केले, तर दिल्लीवर रागावून काय उपयोग?

नावाची किंमत किती, हे सोलापूरला सांगायला नको. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात इथल्याच स्थानिक ज्वारीतून निवड करून एक वाण काढले. मालदांडी ३५-१. मंगळवेढ्याचे रान, दुष्काळातला ओलावा आणि ही ज्वारी, हे नाते आपण सगळे जाणतो. हमीभावाच्या यादीत ज्वारीच्या दोन ओळी असतात. एक संकरित, दुसरी मालदांडी. २०२५-२६ च्या हंगामाला संकरितला ३,६९९ रुपये, मालदांडीला ३,७४९. क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त. पन्नास रुपये म्हणजे काही न्याय नव्हे. पण इथल्या रानातले एक नाव दिल्लीच्या यादीत स्वतंत्र ओळ घेऊन बसले, म्हणून तेवढे तरी वेगळे मोजले गेले. नाव नसते तर तीही नुसती 'ज्वारी' झाली असती.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. नवीन तक्त्यात 'मशागत' हा शब्द आम्ही खोडला आहे. त्याच्या जागी अकरा ओळी आहेत. प्रत्येक कामाचे त्याच्या नावाने, आणि प्रत्येकापुढे चार रकाने. किती तास, बैल की ट्रॅक्टर, घरचे माणूस की मजुरीचे, बाई की बाप्या. घरच्याला गावात चालू असलेली मजुरी लावायची, एक पैसा कमी नाही. ज्या गावात एखाद्या कामाला वेगळे नाव असेल, त्यांनी आपलेच नाव लिहावे. अक्कलकोटच्या भावांनी कानडी नावे लिहावीत. घरात म्हातारे माणूस असेल तर तक्ता भरताना त्याला शेजारी बसवा आणि सातवी-आठवीतल्या पोरालाही बसवा. एकाला नावे माहीत आहेत, दुसऱ्याला लिहिता येते.

ज्याने लांगल हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याने तो कुठे लिहून ठेवला नव्हता. दुसऱ्यांनी लिहिला, त्यांच्या पोथीत, त्यांच्या तिजोरीच्या वहीत. आपल्या हातात आज पेन्सिल आहे. पुढच्या बैठकीला अकराही तालुक्यांतून भरलेले तक्ते यावेत, एवढे बोलून आम्ही खाली बसतो.